चैत्रातला धबधबा

१ जानेवारी १९८५, पूर्णा

नायगारा! यांनी परभणीच्या बियाणांच्या दुकानातून कॅलेंडर आणलं — दर महिन्याला जगातला एक धबधबा. देवाची कॅलेंडरं संपली होती म्हणे. सासूबाईंचं तोंड वाकडं. "देव न्हाई, देवी न्हाई, निसतं पाणी! हात कुठं जोडावं?" खिळा मात्र त्यांनीच ठोकला, चुलीसमोर. भाकरी थापताना आता नायगारा दिसतो. एका काठाला एक देश, दुसऱ्या काठाला दुसरा. एवढ्या तुषारांत तिथल्या बायांचं धुणं वाळतं तरी कसं?

३ फेब्रुवारी

व्हिक्टोरिया, आफ्रिका. खाली छापलंय — तिथले लोक त्याला गर्जणारा धूर म्हणतात. तो तर आमच्या क्वार्टरमागे लोको शेडमध्ये रोज असतो! इंजिनात पाणी भरताना वरच्या सोंडेतून सांडतं, तेव्हा मी मुद्दाम घागर घेऊन रेंगाळते. डोळे बारीक केले की रूळ दिसत नाहीत, नुसतं पांढरं पाणी. मॅट्रिकला भूगोलात वर्गात पहिली होते मी. आणि डोळ्यांनी एकही धबधबा पाहिलेला नाही.

१७ फेब्रुवारी

हे जेवताना सहज बोलून गेले — किनवटच्या लाईनीवर सहस्रकुंड स्टेशन आहे, तिथं पैनगंगा कड्यावरून खाली पडते. इतक्या जवळ! वाढायचं विसरून बसले मी.

पण रेल्वेचे पास दोनच उरलेत. एक दिराच्या लग्नाला. दुसरा तिरुपतीला — सासूबाई किती वर्षं बालाजी बालाजी करतायत. नुसतं बघायला म्हणून बाईमाणूस गावाला निघालंय, असं आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. वाटेच्या शेवटी देव लागतो.

२ मार्च

बोलून बसले! सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. म्हटलं, "आत्याबाई, सहस्रकुंडाला महादेव हाय. त्याच्या पायाशी जाऊन नवस बोलावा म्हंते." सूप थांबलं. "कसला नवस?"

"नवस सांगायचा नसतो."

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चैत्र महादेवाचा म्हईना. सोमवारी जाऊ. मी बी येते." रात्री लेकाला सांगितलं — "लग्नाला यष्टीनं जाऊ आपुन. पास हिला काढ."

९ मार्च

मार्चच्या पानावर एंजल, जगातला सगळ्यात उंच. खाली पोचेपर्यंत पाण्याचं धुकं होतं म्हणे. आज भाकरी थापता थापता मी त्या धुक्यात उभी होते. भाकरी करपली. कुणी रागावलं नाही. हल्ली मला कुणीच रागावत नाही, त्याचीच भीती वाटते.

२४ मार्च

शेजारच्या सुमनबाईंनी नारळ आणून दिला. "माझ्या वतीनं बी वाढवा. पुढच्या साली पाळणा हालू द्या." सगळ्या क्वार्टरांत हेच चाललंय. लग्नाला सहा वर्षं झाली, तर लोकांनी दुसरं काय समजावं? मूल मलाही हवंय, मनापासून हवंय. पण पाणी पडताना बघायचंय, तेही मनापासून. हे कुणाला सांगू? महादेवा, रागावू नकोस.

१ एप्रिल

इग्वाझू! एक नाही, शेकडो धबधबे ओळीनं, मध्ये हिरवं रान. जायला चौदा दिवस राहिले.

१६ एप्रिल

काल गेलो. मुदखेडला गाडी बदलली, पुढं स्टेशनावरून बैलगाडी. सारी वाट मी कान देऊन होते. आवाज येईना.

काळा खडक. उंच, रुंद — आणि कोरडा ठणठणीत! खाली डोहात हिरवट पाणी, त्यात म्हशी. पिंगळीत जन्मले मी, आमचा ओढा चैत्रात कधी वाहिलेला पाहिला नाही, आणि मला एवढं सुचू नये? एप्रिलच्या पानावर पाणी होतं, तेच डोक्यात!

देऊळ मागेच राहिलं, महादेवाकडे पाठ करून मी कड्यावर उभी. रडूच फुटलं. कशाला लपवू, लहान पोरीसारखी रडले. सासूबाई मागून आल्या. म्हटलं, आता सगळं कळलं त्यांना. त्यांनी खडकावरच्या पाण्याच्या खुणेवरून हात फिरवला आणि गाडीवानाला विचारलं, "इथवर येतं व्हय?"

"श्रावणात या, माय. इथं उभं ऱ्हाता येत न्हाई. शेजारच्याचं बोललेलं आयकू येत न्हाई."

सासूबाईंनी वर बघितलं. बराच वेळ. मग पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला, तुषार उडत असावेत तसा.

नारळ वाढवला.

१७ एप्रिल

कॅलेंडरकडे बघवत नाही. भिंतीकडे तोंड करून लावलं.

१८ एप्रिल

सकाळी उठले तर सुलटं! हे रात्रपाळीला होते. मी तर हात लावलेला नाही.

२१ एप्रिल

जेवताना हे म्हणाले, "आई, तिरुपतीच्या पासाचा अर्ज देऊ का?"

"बालाजी थांबंल. श्रावणात सहस्रकुंडाचा काढ. आमा दोघींचा. मी बी नवस बोलून आलेय तिथं."

"तू? कसला?"

"नवस सांगायचा नसतो," त्या म्हणाल्या, आणि भाकरीसाठी ताट माझ्यापुढे केलं.