सोनेरीतली हिरवी रेघ

अप्पा, तुमचा हात पहिल्यांदा आपोआप हलला तो दिवस तुम्हाला पक्का ठाऊक असणार, आणि तुम्ही तो कुणालाही सांगितला नाहीत. आईला नाही, शेठला नाही, मला तर नाहीच नाही. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आता भांडून काय उपयोग, पण आज मला तुमच्याशी भांडायचंच आहे. शुक्रवार आहे, एमआयडीसीला सुट्टी. लेक कॉलेजला गेलीय, कुकर उतरलाय, बदलापूरच्या या घरात पंख्याशिवाय कशाचा आवाज नाही, आणि मला भीती वाटतेय. म्हटलं, ज्यांच्यामुळे वाटतेय त्यांनाच सांगावं.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही शिवणकाम करायचात त्या कॅम्प तीनच्या कारखान्यात शेठ जीन्सच्या लेबलाशेजारी चमकणारा स्टिकर लावायचा, हलवला की त्यात रंग फिरायचे. मी तो खरवडून माझ्या कंपासपेटीला चिकटवायचे आणि तुम्ही ओरडायचात, आठवतं? त्याची मोठी बहीण समजा. आम्ही अंबरनाथला होलोग्राम करतो, औषधांच्या डब्यांवर लावायला, माल खरा असल्याची खूण म्हणून. पारदर्शक फिल्म असते, तिच्यावर उजेड पडला की आतला मसाला, म्हणजे रसायन, घट्ट होतो. लेझर टाकून आम्ही तिच्यात समईचं चित्र उतरवतो. मान तिरकी केली की त्या समईची मागची वात दिसते, तुम्ही असतात तर बोट घालून बघितलं असतंत. पण आमचा लेझर हिरवा, म्हणून समईही हिरवीच उतरते, आणि गिऱ्हाइकाला हवी सोनेरी. मग तिच्यावर दुसरी फिल्म चिकटवायची आणि ओव्हनमध्ये तापवायची. दुसरीतला मसाला पहिलीत झिरपतो, पहिली डोळ्याला कळणार नाही इतकी फुगते, आणि हिरव्याचा पोपटी, पोपटीचा पिवळा, पिवळ्याचा सोनेरी होत जातो. जरा जास्त झालं की तांबडं. सोनेरीवर थांबवायचं कुठे, हे नमुन्याच्या शीटवर मी ठरवते. मोठ्या मालाला मशीन आहे, पण नमुना हातानेच होतो. दुसरी फिल्म मी रबरी रोलरने एका दमात दाबत नेते, आणि इतकी वर्षं माझ्या शीटवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता माझ्या सोनेरी समईत हिरवी रेघ यायला लागली. बारीक, नागमोडी. जिथे रोलर नीट दाबला जात नाही तिथे हवा अडकते, मसाला झिरपत नाही आणि तेवढं हिरवं राहतं. हे मला माहीत आहे, अप्पा, नव्या लोकांना मीच शिकवते. तरी मी आधी फिल्मवाल्याला शिव्या घातल्या, रोल दमट लागलाय म्हणून. मग ओव्हनवर घसरले. मग साहेबांच्या डोक्यावर बसून नवा रोलर मागवला. वांगणीवरून येणारी माझी कामावरची जोडीदारीण आहे, माझ्याच वयाची, तिने त्याच रोलची, त्याच ओव्हनमधली शीट काढली. स्वच्छ सोनं! मी म्हटलं, नशीबवान आहेस बाई. तिने पुढची शीट लावायला घेतली.

लेझर लावतो ती खोली अंधारी असते. जाड ग्रॅनाइटची लादी स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवलेली, रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा पोचू नये म्हणून. हादरा आहे की गेला, हे बघायला भिंतीवर लेझरनेच काळ्या-हिरव्या रेघा पाडतो. रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्या की चित्र उतरवायला शटर उघडायचं, हलत असल्या की श्वास धरून बसायचं. परवा आम्ही दोघी बसलो होतो. रेघा थांबेचनात. बाहेर ट्रक नाही, काही नाही.

"ताई, हात कुठं ठेवलास गो?" ती म्हणाली.

माझा उजवा हात लादीच्या कडेवर होता. सहज टेकलेला. मी म्हटलं, "तू ठेवून बघ." तिने ठेवला. रेघा सरकल्या, जराशा डुलल्या आणि उभ्या राहिल्या. तिने काढला, मी ठेवला. रेघा धावायला लागल्या, थांबायचं नावच नाही, एकसारख्या ठेक्यात. मला वाटलं नाडी असेल. डाव्या हाताने मनगट धरून बघितलं तर नाडी आपली सावकाश चाललेली, आणि भिंतीवरचा ठेका तिच्याहून कितीतरी जलद. अप्पा, मी हाताकडे बघत होते आणि हात मला गप्पच दिसत होता. भिंत तेवढी सांगत होती.

"दमली असशील," ती म्हणाली. "नायतर दाखव ना कुणाला."

मी तिच्यावर खेकसले, "माझं मी बघीन." आणि तुमचाच आवाज ऐकू आला. आई तुम्हाला डॉक्टरकडे चला म्हणायची तेव्हा तुम्ही हेच म्हणायचात, ह्याच सुरात.

घरी येऊन मी तुम्ही शिवलेली पँट कपाटातून काढली. मी सातवीत असताना तुम्ही ती उरलेल्या कापडाची माझ्यासाठी शिवली होतीत. आपल्या चाळीत तोवर कुठल्या मुलीने जीन्स घातली नव्हती, आजूबाजूच्या बायकांनी तोंडं वाकडी केली, आणि तुम्ही म्हणालात, "माझी पोरगी आहे, मी शिवलीय, घालेल." मागच्या खिशावरची दोऱ्याची कमान तुम्ही खडू न लावता शिवायचात, कारखान्यात सगळे मास्टर म्हणायचे ते उगीच नाही. उजव्या खिशाची कमान सुरेख आहे. डाव्या खिशाची मध्येच लाटेसारखी हलत जाते. मला वाटायचं ती फॅशन आहे. मी मैत्रिणींना फिरून फिरून तोच खिसा दाखवायचे, आणि तुम्ही बघत होतात, हसत होतात. रेघ आलेली एक शीट मी घरी आणलीय, आत्ता खिडकीशी ती आणि खिसा शेजारी धरून बघितले. लाट तीच आहे.

म्हणजे तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं! आणि त्यानंतर किती काळ तुम्ही मशीनवर बसत राहिलात? मला शेठची दुपार आठवते. मी डबा घेऊन आले होते. शेठ तुमच्या मशीनपाशी उभा, आवाज अगदी मऊ, "मास्टर, तुम आराम से उधर बैठो नी, धागे काटो." धागे कापायला पोरीबाळी बसायच्या. तुम्ही उठलात, डावीकडच्या बाकावर जाऊन बसलात आणि उजवा हात मांडीखाली घातलात. मी डबा ठेवला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, "बघत काय उभी राहिलीस? घरी जा." मला तुमचा राग आला होता. पुढे घरात चहाची बशी खडखडायला लागली, मग आई घास भरवायला लागली, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून खायचात. मला ते भिंतीकडचं तोंड आठवतंय. मला माझी लेक माझ्यासमोर वाटी घेऊन बसलेली दिसते. फार भीती वाटते हो. काम जाईल, ते तर जाईलच, पण तिच्यासमोर तोंड उघडून बसायचं, ते मला नाही जमायचं.

डॉक्टर म्हणतील, कशावरून वडिलांचंच दुखणं? दमणुकीने येतं, टेन्शनने येतं, वयाने येतं. म्हणोत बाबा. सोमवारची वेळ घेतलीय, कल्याणला. जोडीदारीण रजा टाकून सोबत येते म्हणाली, तिने विचारलंसुद्धा नाही, सरळ सांगितलं. तुमच्याबरोबर जायला कुणी नव्हतं असं म्हणून तुम्हाला माफ करावं म्हटलं, पण आई होती, मी होते. तुम्ही सांगायला हवं होतं. आम्ही काय तुम्हाला टाकून देणार होतो? निदान मला कळलं असतं की बाप घाबरलाय, आणि घाबरलेला बाप कसा असतो ते बघून ठेवलं असतं, आज उपयोगी पडलं असतं.

एवढं तुम्हाला ऐकवलं, आता माझंही ऐका. लेकीला मी काही बोललेले नाही. चष्म्याचा नंबर बदलायला जातेय असं सांगितलंय. ती आत्ता येईल, जिन्यावर पावलं वाजताहेत. हे सगळं मी मोबाईलवर डाव्या अंगठ्याने लिहिलंय, अप्पा, म्हणून इतका वेळ लागला. उजवा हात मांडीखाली आहे.