वरच्या कोऱ्या ओळी

झाग्रेब, ८ ऑक्टोबर १९६८

ती. मातोदादास, शि. सा. न.

चार महिन्यांत तुझी ओळ नाही. डुकरांना वेळेवर घालतोस, बहिणीनेच काय पाप केलं?

बातमी मोठी आहे. आपल्या विन्कोमामाच्या आठ रचना सापडल्या, त्याच्या जुन्या गुरुजींच्या कागदांत. तो गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. सगळ्या एकट्या डाव्या हातासाठी, आणि फार मारकुट्या. माझं मनगट सुजलंय. शेजारीण विचारते, पियानो वाजवतेस की फोडतेस.

१४ डिसेंबरला जाहीर वाजवणार आहे. कार्यक्रमाच्या पत्रिकेत लिहिलंय की १९३८च्या नोव्हेंबरात मामाचा उजवा हात मळणीयंत्रात सापडला. मी पाच वर्षांची होते, म्हणून तुला विचारते, बरोबर आहे ना? आठवी रचना गाळतेय. तिच्यात वर उजव्या हाताच्या सुरांसाठी ओळी आखल्यात, पण कोऱ्या आहेत. अर्धवट राहिली बिचारी. बाबांना पहिल्या रांगेत बसवीन.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो कागदावर उतरव.

तुझी
ल्येरका

गोर्यानी, २० ऑक्टोबर १९६८

चि. ल्येरकास अनेक आशीर्वाद.

मळणी जुलैत होते. नोव्हेंबरात आपण डुकरं मारतो. शहरात राहून तू एवढंही विसरलीस.

त्या दिवशी सुरा बाबांकडे होता. मामाला डुकराचा मागचा पाय धरायला सांगितलं. त्याने बोटं जपायची म्हणून नकार दिला. बाबा म्हणाले, मग घागरा घाल आणि आतडी धू. सगळे हसले. मामाने पाय धरला आणि तो सुटला. मानेत सुरा घेऊन डुक्कर अंगणभर धावलं, बाबांना पाडून त्यांच्या अंगावरून गेलं. आता लोक बाबांना हसले.

बाबांनी मामाचा हात ओंडक्यावर ठेवायला लावला. कुऱ्हाडीची बोथट बाजू चार वेळा मारली. हात मी धरला होता. सतरा वर्षांचा होतो. बाबा म्हणाले धर, मी धरला. यंत्राची गोष्ट आईने रचली. गाव अजून तीच सांगतं.

आठवी अर्धवट नाही. दर रविवारी मामा मला शाळेतल्या पियानोपाशी उजवीकडे बसवायचा. डावा हात त्याचा, उजवा माझा. चुकलो की म्हणायचा, धरताना चुकला नाहीस, मग आता कसा चुकतोस. लिहून ठेवलं नाही. माझ्या बोटांत आहे.

बाबा जिवंत आहेत. यंत्रच राहू दे.

मातो

झाग्रेब, २ नोव्हेंबर १९६८

ती. दादास, शि. सा. न.

तीन दिवस वाजवू शकले नाही. तुझा राग आला, मग माझा आला. बाबांच्या मांडीवर बसून मी मोठी झाले.

यंत्र खोडलं. जागा मोकळी ठेवलीय. तिथे काय लिहायचं ते तू सांग. आठवी रचना तुझ्यावाचून होत नाही आणि तुला बसवलं तर लोक विचारणारच, हा शेतकरी कोण. नाही आलास तर ती तुझ्याबरोबर मातीत जाईल. मामाच्या बाकी सात कागदावर आहेत, ही फक्त तुझ्या बोटांत. जबरदस्ती करत नाही. तुझ्यावर ती पुष्कळ झाली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

ल्येरका

गोर्यानी, ८ डिसेंबर १९६८

चि. ल्येरकास अनेक आशीर्वाद.

परवा डुकरं मारून झाली, यंदा उशिराच. चार. जेवायला शेजारी होते तेव्हाच बाबांना सांगितलं की ल्येरका खरं छापणार आहे आणि मी तिच्या बाजूला बसून वाजवणार आहे. बाबा म्हणाले, कोणतं खरं. मी सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगितलं. कुणी घास गिळला नाही.

बाबांनी चुलीतली सळई घेतली. एकाहत्तर वर्षांचे आहेत, पण हात अजून जड. पहिला वार तोंडावर बसला, पुढचे दोन खांद्यावर. मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले होते. मग ते दमले आणि बसले. तुझ्या वहिनीने रक्त पुसलं. पंगत न जेवता उठली.

मोकळ्या जागेत दोघांची नावं लिही. मारणाऱ्याचं आणि धरणाऱ्याचं.

शुक्रवारच्या गाडीने येतो. पुढचे तीन दात गेलेत, तेव्हा भाकरी मऊ कर. बोटं शाबूत आहेत.

तुझा
मातो