पूनम दुसरबीडला आहे

पुणे
८ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
भार्गवीचा सा. न. वि. वि.

अंगणवाडीच्या पत्त्यावर माझं पत्र पाहून दचकू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, नोकरीही ठीक. फोनच केला असता, पण तुझा फोन बाबा स्पीकरवर टाकतात आणि मध्येच सोयाबीनचा भाव सांगायला लागतात. हे तसं बोलण्यासारखं नाही.

पूनम तुला माहीत आहे. दिवाळीत माझ्यासोबत आली होती, तुझ्या करंज्या लाटल्या, आणि ही तुझ्यापेक्षा कामाची आहे असं तू मला चारचौघांत ऐकवलंस. आम्ही एकाच लॅबमध्ये कामाला आहोत, एकाच घरात राहतो. तुम्हाला मी तिला मैत्रीण म्हणून सांगितलं. आई, नवरा-बायको जसे एकमेकांचे असतात, तशा आम्ही एकमेकींच्या आहोत. तुम्ही आणलेली स्थळं मी टाळत राहिले, त्याचं कारण हेच.

तुला हे असं कागदावर कळायला नको होतं. पण डिसेंबरात पूनमचा भाऊ राजकुमार आला, आई फार आजारी आहे असं सांगून तिला गावी, दुसरबीडला घेऊन गेला. तेव्हापासून तिचा फोन बंद आहे. राजकुमारला फोन केला तर म्हणाला, तिचं लग्न ठरतंय, पुन्हा फोन केलास तर पुण्यात येऊन बघतो.

मी एका वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, असं नातं हा आता गुन्हा नाही आणि सज्ञान मुलीला तिच्या मर्जीविरुद्ध कोंडताही येत नाही. पोलीस तिला बाहेर काढू शकतात. पण तिला यायचंय, हे आधी तिच्या तोंडून कुणीतरी ऐकायला हवं. मी गेले तर दारातूनच हाकलतील. तू जाशील का?

तुझी,
भार्गवी

•

लोणार
१३ जानेवारी २०२५

चि. भार्गवी हिस,
आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र लेकरांले खिचडी वाढतानी हाती आलं. वाचलं, पिशवीत टाकलं, पुन्हा काढून वाचलं. लेकरं घरी गेली तरी मी तिथंच बसून होती. मदतनीस विचारे, बाई, बरं वाटत नाही का? हाव म्हटलं.

टीव्हीवर अशा लोकांच्या बातम्या मी पाह्यल्या. पण ते लोक दूरचे वाटत. आपल्या घरात काऊन, हेच मनात येऊन राह्यलं. लहानपणी तुले कोणी काही केलं होतं का? पूनमनं फसवलं का? डॉक्टरले दाखवलं तं? रागावू नको, जे सुचलं ते लिहून राह्यली.

दुसरबीडले जाणं मले जमणार नाही. तुझ्या बाबाले कळलं तं काय होईन, याचा इचार केला का? गावात कळलं तं माझ्या अंगणवाडीत लेकरं कोण पाठवीन? लोकाच्या घरचं लोक पाहतीन. तू रजा काढून घरी ये. तुले पाहिल्याशिवाय मले चैन पडणार नाही. जेवत जाय.

तुझी आई,
वंदना

•

पुणे
१७ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी रागावले नाही. तू विचारलंस, हेच पुष्कळ आहे. मला कुणी काही केलं नाही, फसवलंही नाही. डॉक्टरनं बरं करावं असा हा आजार नाही. मी लोणारच्या शाळेत होते तेव्हापासून मला हे माहीत आहे.

काल पूनमच्या वहिनीनं मोबाईलवर स्टेटस ठेवलं. २६ तारखेला, रविवारी कुंकवाचा कार्यक्रम, म्हणजे साखरपुडाच आहे. मला जेवण जात नाही. लॅबमध्ये नळ्यांवर नावं चुकीची लिहिली जातात. पूनम जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, असं सारखं वाटतं. तिच्या जागी मला कुणी कोंडलं असतं, तर कुणाच्या तरी आईनं येऊन मला पाहावं, असं तुला वाटलं असतं ना?

तुझी,
भार्गवी

•

लोणार
२४ जानेवारी २०२५

चि. भार्गवी हिस,
आशीर्वाद.

हे पत्र टपालात न टाकता पूनमच्या हाती देऊन राह्यली. तू वाचशील तवा ती तुझ्यापुढं उभी असंन.

संक्रांतीच्या वाणाचं निमित्त काढलं. सुलतानपूरले गाडी बदलून दुसरबीडले गेली. रस्ताभर वाटे, इथंच उतरावं अन् परत जावं. पूनमची आई, केसरबाई, चांगली धडधाकट ज्वारी निवडत बसली होती. तुझी आई म्हून सांगितलं तसा तिचा चेहरा उतरला. पूनम बाहेर आली ते वहिनीच्या पहाऱ्यात. लय वाळली पोरगी. मले हात धुवाचे आहेत म्हून मी तिले हौदाकडं नेलं अन् हळूच विचारलं, तुले इथं राह्याचं आहे का? ती म्हणाली, काकू, मले घेऊन चला, मी हे लग्न करणार नाही. तेवढ्यात वहिनी आलीच.

निघतानी केसरबाई म्हणाली, तुमच्या पोरीनं माझी पोरगी नासवली. काय बोलाचं ते मी ठरवून गेली होती, सारं विसरली. म्हटलं, बाई, आपल्याले समजलं नाही म्हून पोरींनी वाईट केलं असं होत नाही. ती रडाले लागली. लोकांले काय सांगू म्हणे. मी खरं तेच सांगितलं, मलेही माहीत नाही.

घरी येऊन तुझ्या बाबाले सारं सांगितलं. ते उठून शेतात निघून गेले. दिवस मावळता आले अन् म्हणाले, हे तुमचं मले पटत नाही, पुढं पटंन असंही वाटत नाही. पण पोरीले कोंडून तिचं लग्न लावणं, तेही पटत नाही. तू सोबत चल.

काल आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या पोलीसबाईनं नीट ऐकून घेतलं, शिपाई घेऊन सोबत आली. राजकुमारनं गल्ली गोळा केली, तुझ्या बाबाची कॉलर धरली. बाबांनी हात वर केला नाही. पूनम उंबऱ्यात आली. त्या पोलीसबाईले मोठ्यानं म्हणाली, मी माझ्या मर्जीनं जाऊन राह्यली. केसरबाई आत गेली, तिचा स्वेटर आणला, हाती दिला अन् तोंड फिरवलं.

राजकुमार मागं येईन ही धास्ती आहे, म्हून तुझे बाबा तिच्यासंग पुण्याले येऊन राह्यले. ते बोलणार नाहीत. जोर करू नको. चहात साखर कमी टाकजो. मले बी अजून पुष्कळ विचाराचं आहे, हळूहळू विचारीन.

तुझी आई,
वंदना

•

पुणे
२७ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
दोघींचा सा. न. वि. वि.

पूनम सुखरूप पोचली. बेल वाजली की दचकते, मीही दचकते. राजकुमारच्या नंबरवरून फोन येतात, आम्ही उचलत नाही. वकीलबाईंनी पोलिसांकडे अर्ज द्यायला सांगितलंय, उद्या जाऊ.

बाबा चहा प्यायले आणि खिडकीजवळ बसून राहिले. पूनमनं भाकरी केली, ती खाल्ली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, मीही काही विचारलं नाही. जायच्या आधी मात्र ते खाली घरमालकांकडे गेले. मी जिन्यात उभी होते. त्यांनी आपला नंबर लिहून दिला आणि म्हणाले, दुसरबीडहून कुणी आलं तर वर जाऊ देऊ नका, मला फोन करा. मालकांनी विचारलं, भार्गवी तुमची मुलगी, पण पूनम तुमची कोण?

बाबांनी कागदावरचा नंबर पुन्हा एकदा वाचून पाहिला. मग म्हणाले, ती माझ्या जबाबदारीवर आहे.

पिशवी उचलून ते स्टॅंडकडे चालू लागले. घरी आल्यावर यातलं त्यांना काही विचारू नकोस. लोभ आहेच, तो आता दोघींवर असू दे.

तुझ्या,
भार्गवी आणि पूनम