चालू होतानाचा आवाज

२ ऑगस्ट

लाईन येऊन-जाऊन राहिली दिवसभर. दरवेळी कॉम्प्युटर चालू केला, तो टुंग करून वाजला, की आतल्या खोलीतून सासूबाई — "प्रीतम आला वं! चाय मांड."

दरवेळी! अर्धं अंग गेलेलं, बाजेवर कूससुद्धा मीच बदलून देते. पण कान मात्र तिखट.

हे धरणावरून मासोळी धरून आले की आधी कॉम्प्युटरच चालू करायचे. फागुनात गोसी धरणाच्या पाण्यात यांचा रिकामा डोंगा सापडला, हे नाही सापडले. आईले — सासूबाईले मी आईच म्हणते — किती सांगितलं! "काहून खोटं बोलून राहिली वं?" म्हणते.

माझ्याकडून पैसे देऊन ऑनलाईन फॉर्म भरून घ्यायले आलेल्या पोरी एकमेकींकडे पाहतात. त्या यायच्या बंद झाल्या तर आम्ही दोघी खाऊ काय?

५ ऑगस्ट

शेजारची कामिनी म्हणे, "सेटिंगमध्ये त्या आवाजाची एक टिक असते, काढून टाक ना. बुढीले उगाच आस लागते."

काढली. बंद करून परत चालू केला. चूप! आईही चूप.

खोटं कायले लिहू — मलेच कसंतरी झालं. तो आवाज आला की माझाही जीव एकदा दाराकडे धावायचा.

६ ऑगस्ट

आई जेवली नाही.

९ ऑगस्ट

पेज दिली तर दोन चमचे. बोलत नाही. छताकडे पाहत राहते. पवनीचे डॉक्टर म्हणाले, "औषधानं काय होईल? त्यांचं मनच लागत नाही."

लागेल कसं! तिची आसच बंद करून टाकली मी. मोठी शहाणी! अशानं हीही जाईल, मग या घरात मी कोणाशी भांडू?

उद्या टिक परत लावते. म्हणू दे "आला" म्हणते तर. चाय मांडीन.

१० ऑगस्ट

सकाळी टिक लावली. कॉम्प्युटर बंद करून परत चालू करणार, तेवढ्यात आतून आईचा दबका आवाज — "वाजवू नको वं! आत्ताच डोळा लागला त्याचा."

मी आत गेली. आई भिंतीले चिकटून पडून होती. स्वतःहून सरकून! बाजेवर एका माणसाची जागा केलेली, आणि तिची चादर त्या रिकाम्या जागेवर पांघरलेली.

टिक काढून टाकली. दारावर भाजीवाली ओरडून राहिली होती. तिले म्हटलं, हळू वं बाई, हे झोपून आहेत.