घोड्याचा वरचा मजला

कण्णंपळ्ळी
बुधवार, ५ मार्च २०१४, सकाळी सव्वासात. मोजपट्टीवरचा चिखल पुसून लिहायला बसलो आहे.

प्रिय थोरले बंधू, चेट्टन, यांना धाकट्या सुकेशनचा नमस्कार.

अम्माचे गुडघे बरे आहेत. आंब्याला मोहोर दाट आला आहे. तुम्ही माझा फोन घेत नाही म्हणून हे पत्र. ते अबुधाबीला पोचेपर्यंत भगवतीचा उत्सव होऊन गेलेला असेल, तेव्हा हे परवानगीसाठी नाही.

आपल्या वाडीचा लाकडी मजल्यांचा, कापडाने मढवलेला घोडा खांद्यांवरून देवळाकडे वळतो तिथे शेतावरून विजेची तार गेली आहे. ती मी मोजली, हे दिवाकरन मामांनी तुम्हाला सांगितलेच असेल. कशी मोजली, ते सांगितले नसेल. ते म्हणाले, "बांबू घे, तारेला टेकव, खूण कर. आमचे आजोबा असंच करायचे."

"आजोबांच्या वेळी तार नव्हती, मामा."

"नववीत गटांगळ्या खाल्ल्यास तेव्हा कुठं होतं हे तोंड?"

मी बांबूला हात लावला नाही. प्लायवूडचा काटकोन कापला, दोन बाजू सारख्या. खालची बाजू आडवी राहावी म्हणून दोरीला खिळा टांगला. तिरकी कड डोळ्याशी धरून मागे सरकत गेलो आणि तार तिच्या रेषेत आली तिथे थांबलो. तारेखालच्या जागेपासून माझ्या पायापर्यंतचे अंतर मोजपट्टीने घेतले, त्यात माझ्या डोळ्यांची उंची मिळवली. झाली तारेची उंची. सकाळी एकतीस फूट आली. घोडा दुपारी निघतो आणि उन्हाने तार लोंबते, म्हणून दुपारी पुन्हा मोजली. तीस फूट चार इंच.

मामा खूश झाले. "घोडा पंचवीस फूट. पाच फूट मोकळे. चल, चहा घे."

पण पंचवीस फूट हे जमिनीवर. खांद्यावर चढलेला घोडा देवीचा होतो, त्याला माप लावायचे नाही, म्हणून आपल्या वाडीत तो कोणी कधी मोजलाच नाही. मी माणसे मोजली. देवळाच्या वळणावर घोडा वर उडवतात तेव्हा साठ जणांचे हात ताठ वर असतात. जमिनीपासून तळव्यापर्यंत सात फूट. पंचवीस आणि सात बत्तीस. देवीचा झाला म्हणून घोडा बुटका होत नाही.

"त्या वेळी वीजवाले वीज बंद ठेवतात रे," मामा म्हणाले. ठेवतीलही. पण बंद तारेत अडकलेला घोडासुद्धा खालच्या साठ जणांवरच पडतो. आणि वीज चालू राहिली, तर तार नुसती चुकवून भागत नाही; मध्ये चार फूट तरी हवेत. मामा म्हणाले, यंदा उडवू नका असे सांगू. चेट्टा, ढोल वाजू लागल्यावर कोण ऐकते? तुम्ही स्वतः कधी ऐकले होते?

म्हणून काल दुपारी सगळ्यांच्या देखत वरचा मजला मी उतरवला. हो, यंदा तुम्ही पैसे पाठवून वडिलांच्या, अच्छनच्या, नावाने बांधवलात तोच. सुताराने हात लावला नाही, मीच वर चढलो. सहा फूट खाली आणले. पूर्वेकडच्या वाडीचा घोडा आता आपल्यापेक्षा उंच आहे. त्यांची पोरे मला बघून शिट्ट्या वाजवतात.

"भावाला काय तोंड दाखवशील?" मामांनी विचारले.

"ते बघायला त्याला विमानाचं तिकीट लागेल," मी म्हणालो. लोक हसले. मामा हसले नाहीत. त्यांनीच तुम्हाला फोन केला. मजला परत चढला नाही तर सुकेशन माझा भाऊ नाही, असे तुम्ही त्यांना सांगितलेत. त्यांनी ते चहाच्या दुकानात सगळ्यांना ऐकवले.

मजला आपल्या पडवीत आहे, कुलूप लावून. किल्ली अम्माकडे. ती म्हणाली, "तुझा अच्छन माडावर चढायलासुद्धा घाबरायचा. त्याला कशाला एवढा वर नेता?" नावाची पाटी मी सगळ्यात खालच्या मजल्याला ठोकली आहे. तिथे ती वाचता येते.

परवा उत्सवात घोड्याच्या पुढच्या दांड्याला माझाच खांदा आहे. वाडीतले लोक जागा सोड म्हणाले, सोडली नाही.

तुमचे आले चाळीस हजार. लाकूड, कापड, सुताराची मजुरी मिळून खर्च एकतीस हजार चारशे. उरलेले आठ हजार सहाशे वहिनींकडे दिले. खर्च झालेले मी ओणमपर्यंत फेडीन. मजला मात्र चढणार नाही.

तुम्ही म्हणा अगर न म्हणा,
तुमचा भाऊ
सुकेशन