गोठ्यातला कोट

६ जानेवारी
घोटा मोडला. दोन जागी! गोठ्याच्या पायरीवर शेण राहिलं होतं, माझ्याच हलगर्जीपणानं, आणि त्यावरून माझाच पाय गेला. भरलेली बादली आडवी. बाबा ओसरीवरून विचारतायत, "काय सांडलं गं?" म्हटलं, "मी सांडले."
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. म्हटलं, तेवढं आमच्या गाईला तुम्हीच समजावा. हसले आणि प्लास्टर घालून गेले. त्यांचं काय जातंय हसायला.

८ जानेवारी
ठिपकी दूध देत नाही. शेजारच्या काकूंनी दोन दिवस प्रयत्न केला. पहिल्या दिवशी चार थेंब, दुसऱ्या दिवशी लाथ. कास दगडासारखी टणक झालीय म्हणे. हात फिरवला तर अंगावर येते. गुरांचे डॉक्टर म्हणाले, लवकर मोकळी झाली नाही तर कास कायमची जाईल. ठिपकी गेली तर या घरात उरतं काय? एक मी, एक आंधळे बाबा आणि एक कुत्रा.
माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही, याचा आजवर मला माज होता. आता भोगा.
धाकटीला फोन केला. अठरा वर्षांत पहिल्यांदा बहिणीला मी आपणहून 'ये' म्हटलं.

९ जानेवारी
आली. तीच जुनी चॉकलेटी बॅग, अंगात निळा स्वेटर, केसांना शहराचा वास. वाचनालयात काउंटरवर असते. म्हणाली, "ताई, बावीस फेब्रुवारीपर्यंत रजा आहे. एक दिवसही वर नाही हं. मोठ्या बाई खाऊन टाकतील मला." म्हटलं, तोवर मी नाचायला लागेन.
बॅग तिनं बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या पलंगाखाली सरकवली. ती बॅग मुळात माझी. अठरा वर्षांपूर्वी त्या नोकरीसाठी मीच भरली होती. मग आई गेली, कुणीतरी थांबायला हवं होतं, आणि मी थोरली. असो.

१० जानेवारी
गुरं माणसाला तोंडावरून कमी ओळखतात. वास, आवाज, हाताची सवय, यावर सगळं चालतं. म्हणून धाकटीला माझा गोठ्यातला कोट दिला. तपकिरी, कोपराला ठिगळ, कधीच न धुतलेला. मूळचा आईचा. आई गेली तेव्हा ठिपकीच्या आईनं असंच दूध चोरलं होतं, आणि मी हा कोट चढवून बसले होते. तेव्हा चाललं, आताही चालेल.
आईची अंगठीपण दिली. बसण्याआधी बादलीच्या काठावर अंगठीनं तीनदा टकटक करायची, मग ओठ मिटून गुणगुणायचं. शब्द नाहीत, नुसता सूर.
धाकटीनं नाक मुरडलं. "ताई, हा कोट स्वतःच्या पायानं चालत जाईल गोठ्यात." पण घातला.
मी पलंगावर कान देऊन पडले. टक, टक, टक. मग सूर. मग बादलीत पहिली धार वाजली आणि मी चक्क रडले.

१३ जानेवारी
धाकटी आतल्या माझ्या खोलीत झोपायला गेली. गोठ्याचं दार तिकडून जवळ पडतं आणि पहाटे बाबांची झोपमोड होत नाही. मी बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या पलंगावर. इथे खिडकी आहे. गार वारं येतं, म्हणून तिनं तिचा निळा स्वेटर दिला. उबदार आहे. बॅग पलंगाखाली तशीच आहे. ती मागत नाही, मीही देत नाही.

१७ जानेवारी
सकाळी खिडकीतून पाहिलं. कोट अंगणातून गोठ्याकडे चालला होता. उजवा खांदा थोडा खाली, बादली मांडीला घासत. स्वतःला पाठमोरं पाहायची वेळ माणसावर कधी येत नाही. माझ्यावर आली.
दूधवाल्यानं फाटकातून हाक मारली, "काय ताई, बरा झाला वाटतं पाय!"
कोटानं हात वर केला. नाही म्हणाली नाही.

२१ जानेवारी
दुपारी धाकटी वैरण कापत होती, तेव्हा तिचा फोन वाजला. मी उचलला. मोठ्या बाई थेट सुरूच झाल्या, मागच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस म्हणून. आमचे आवाज फोनवर सारखे, बाबासुद्धा फसतात. सांगणार होते की मी ताई बोलतेय. तोंडून निघालं, "टाचण्यांच्या डब्यात बघा, खालच्या खणात."
थोड्या वेळानं पुन्हा फोन. "सापडली गं."
मी त्या वाचनालयाचं दारही पाहिलेलं नाही. धाकटीनं कधीतरी बोलता बोलता सांगितलं असेल. असणारच.

२२ जानेवारी
तिला विचारलं. म्हणाली, "किल्ली डब्यात असते? मला तर आठवत नाही बाई." आणि चूल पेटवायला गेली.

२७ जानेवारी
बाबांना सहा वर्षं दिसत नाही, पण कान तिखट. पावलावरून शेजारचं मांजरसुद्धा ओळखतात. आज कोट त्यांच्यासमोरून गेला, तर म्हणाले, "थोरले, पाणी दे गं." धाकटीनं दिलं. मी आतून ओरडले, "बाबा, ती धाकटी आहे! मी इथे आहे!"
त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "धाकटी केव्हा आली? जेवली का ती?"
दोघी हसलो. माझं हसू आधी संपलं.

३१ जानेवारी
धाकटीच्या डाव्या मनगटावर पट्टी. दूध उतू गेलं, भांडं धरताना भाजलं. पट्टी बदलायला मी बसले. माझ्या डाव्या मनगटावर जिथे डाग आहे, बरोबर तिथे! माझाही दुधाच्या भांड्यानंच पडलेला. एकच चूल, एकच भांडं, एकच उंची. भाजणार तिथेच. मी स्वतःला असं समजावलं आणि मलम लावलं.
"अंगठी काढ, बोट सुजेल," म्हटलं. साबण लावला, तेल लावलं. निघाली नाही. ती म्हणाली, "राहू दे, कशाला ओढायची."

५ फेब्रुवारी
आज कुबड्यांवर अंगणापर्यंत गेले. गोठ्याच्या दारातून ऐकलं. धार काढून झाल्यावर धाकटी ठिपकीच्या कानाला लागून काहीतरी पुटपुटली.
ते मी तिला शिकवलेलं नाही. कुणालाच नाही. आईनं शेवटच्या आजारात मला सांगितलं होतं, आणि धाकटी तेव्हा इथे नव्हतीच, मावशीकडे होती.
"तुला कुणी सांगितलं?"
"काय?"
"कानात काय म्हणालीस?"
माझ्याकडे वळून बघितलं. कपाळावर आठी, अगदी मी घालते तशी. "तूच नाही का सांगितलंस? इथे थांबू नकोस, ओलं आहे. घसरशील."
मला भीती वाटली. लिहून टाकते. माझ्या स्वतःच्या गोठ्याच्या दारात, स्वतःच्या बहिणीची.

९ फेब्रुवारी
शेपट्या भुंकला माझ्यावर. नऊ वर्षांचं कुत्रं, माझ्या हातचं खाऊन वाढलेलं. निळ्या स्वेटरला हुंगलं, मागे सरला आणि भुंकत राहिला. धाकटीनं आतून नुसतं "ए!" म्हटलं, तर गप्प. जाऊन तिच्या पायाशी बसला.
नवा माणूस आला की करतो तसं.

१२ फेब्रुवारी
मी भांडले. म्हटलं, कोट दे, मी कुबड्यांवर जाईन, बसून तर काढायची आहे धार. ती रागावली नाही, हेच वाईट. म्हणाली, "प्लास्टर काढणं पाच दिवसांवर आलंय. कर की जरा आराम. आलीच आहेस तर."
आलीच आहेस तर!
मग ओशाळली. "म्हणजे... उठलीच आहेस तर, असं म्हणायचं होतं."
म्हणायचं असेल. पण कोट तिनं काढला नाही.

१७ फेब्रुवारी
प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी करवतीनं कापलं आणि आतून जो पाय निघाला, तो माझा वाटेना. बारीक, पांढरा. टाचेच्या भेगा गेल्या! वीस वर्षं शेणामातीत फुटलेली टाच गुळगुळीत झाली होती. डॉक्टर म्हणाले, पाय पाण्यात-चिखलात नसला की होतं असं.
असेल. धाकटीचे पाय मी लहानपणापासून पाहिलेत. असेच आहेत.
घरी आल्यावर दारात तिचे पाय बघितले. टाचेला आडवी चीर, त्यात माती.

१८ फेब्रुवारी
मागितला कोट. तिनं लगेच काढून दिला. घातला. खांद्यावर बसेना. कुठेतरी तिच्या अंगाची घडी पडली होती त्याला. अंगठी नव्हती, म्हणून पेल्यानं तीनदा वाजवलं. गुणगुणले. माझा सूर, आईचा सूर!
ठिपकीनं वळून पाहिलं आणि लाथ मारली. बादली भिंतीवर. मला नाही लागली.
धाकटी आली. कोट नाही, अंगठी आणि ती, एवढंच. कासेला हात लावला आणि गाईनं पान्हा सोडला. मी गव्हाणीला टेकून उभी. अपमान म्हणतात तो हा.
बाबा ओसरीवरून म्हणाले, "थोरले, धाकटीला नको गं पाठवू गोठ्यात. तिला सवय नाही."

२० फेब्रुवारी
परवा बावीस. तिची रजा संपते. तिनं बॅगेचा विषय काढलेला नाही. मी काढला. "सकाळची गाडी ना?" ती मटार सोलत होती. म्हणाली, "हो. लवकर निघावं लागेल." कोणी, ते म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.
मोठ्या बाईंचा फोन आला. सोमवारी वेळेवर ये म्हणाल्या, पुस्तकांचा ढीग पडलाय. मी म्हटलं, येते.
खरं सांगायचं तर ते बोलताना छातीत काहीतरी मोकळं झालं. मला त्याची लाज वाटली. मग नाही वाटली.

२१ फेब्रुवारी
आज शेवटचा प्रयत्न. कोट नको म्हटलं. निळा स्वेटर घालूनच गेले. दूर बसले, भिंतीशी, एखाद्या परक्यासारखी. धाकटीनं धार काढली, आणि शेवटच्या चार धारांना मला खुणेनं बोलावलं. मी काढल्या. ठिपकी गप्प उभी राहिली. तिला कळलं होतं मी कोण आहे ते.
"जमलं की," धाकटी म्हणाली. "पुढच्या वेळी आलीस की अजून शिकवीन."
संध्याकाळी पलंगाखालची बॅग काढली. पट्टा तुटलेला आहे, तो दोरीनं बांधला. तिचे कपडे आतच होते, घड्या न मोडलेले. मला बसतात.

२२ फेब्रुवारी
बाबांच्या पाया पडले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "धाकटे, जपून जा. ताई आहे इथे, काळजी करू नकोस."
फाटकाशी ती आली, कोटात. "जा आता, गाडी चुकेल. पोचलीस की फोन कर." अठरा वर्षं हे वाक्य मी तिला म्हणत आलेय. ह्याच जागी, ह्याच चालीत. शेपट्या शेपूट हलवत होता, दोघींना बघून.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
शहर. तिसरा मजला. कुलूप अडतं, दार जरा वर उचलून किल्ली फिरवावी लागते. मी उचलून फिरवली.
समोरच्या बाईंनी दार उघडून पाहिलं. "आलात? ताईंचा पाय कसा आहे?"
म्हटलं, "बरा आहे आता. कामाला लागली ती."