कोटाच्या खिशातला पट्टा

नीन्के,

राय ब्रेड आणि चीज झाकून ठेवलंय. दूध काढायच्या यंत्रापाशी म्हातारी सेप्के गाय अडून राहिली तर पुठ्ठ्यावर थाप मार, मुकाट आत जाते. यंत्राला ते जमत नाही.

गायींच्या गळ्यात हालचाल टिपायला असतो तसला पट्टा माझ्या कोटाच्या खिशात सापडला, तूच ठेवलेला. म्हणजे बाप हिंडतोय की पडून आहे, ते आता तुला फोनवर दिसणार! परवा कालव्याकाठी वाट चुकलो, कबूल. पण रवंथ करायला अजून लागलो नाही.

पट्टा टेबलावर आहे. फोन बोंबलला तर घाबरू नकोस, मी तुझ्या आईच्या कबरीवर जातोय. पट्ट्याची रेंज तशीही गोठ्यापुरतीच असते, तिथवर नेऊन उपयोग नव्हता.

अंधारायच्या आत परतलो नाही, तर तू स्वतः ये.

बाबा